पार्कात ढोल-ताशाचा सराव आणि काउन्सिलची पीएसपीओ: नक्की काय चालतं, काय नाही? (इंग्लंड)

ताशाची_तर्री:

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या एका मध्यम आकाराच्या शहरातल्या गणेशोत्सव मंडळासाठी विचारतोय. पथकात २४ ढोल, ८ ताशे. सराव जून ते सप्टेंबर, दर रविवारी दुपारी ३ ते ५, काउन्सिलच्या पार्कात. पार्कच्या फाटकावर पब्लिक स्पेसेस प्रोटेक्शन ऑर्डरची, म्हणजे पीएसपीओची (सार्वजनिक जागेत ठरावीक वागण्याला मनाई करणारा काउन्सिलचा, म्हणजे तिथल्या पालिकेचा, आदेश), पाटी आहे. दारूची बाटली, कुत्रा, माणसांचा घोळका आणि भोंगा अशी चार चित्रं, खाली "१०० पौंड दंड". काउन्सिलच्या जॅकेटवाल्या वॉर्डननं "पुढच्या वेळी पावती फाडीन" असं सांगितलंय. त्यातच ऑर्डरची मुदत संपत आली असून नव्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्यात. पाच आठवडे हातात आहेत.

प्रश्न असे:
१. पाटीवर भोंगा आहे म्हणजे ढोल आपोआप बंद का? ढोलाला तर लाउडस्पीकर नसतो.
२. हरकत कशी लिहायची म्हणजे कोणी वाचेल?
३. सराव संपल्यावर काही जण बिअरचा कॅन उघडतात. तो गुन्हा आहे का?
४. विसर्जनाची मिरवणूक साधारण सव्वा किलोमीटर. तिला वेगळी परवानगी लागते का?

"काही होत नाही हो, वाजवा बिनधास्त" असली उत्तरं नकोत. ती व्हॉट्सॲपवर भरपूर मिळालीत.

कागदी_घोडा:

पाटी हा फक्त सारांश असतो. दंड ऑर्डरमधल्या वाक्यांवर होतो, चित्रावर नाही. काउन्सिलच्या साइटवर पूर्ण ऑर्डर पीडीएफमध्ये असते (ती तिथं टाकणं आणि जागेवर पाट्या लावणं काउन्सिलला बंधनकारक आहे). ती उतरवून चार गोष्टी बघा: नकाशावरची रेघ, मनाई कुठल्या क्रियापदानं लिहिलीय, अपवाद, आणि मुदत संपायची तारीख. तारीख उलटून गेलेली असली आणि मुदतवाढ दिलेली नसली तर पाटी म्हणजे नुसता पत्रा.

क्रियापदावरच सगळं अवलंबून आहे. आवाजाचं कलम साधारण तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं.

"ध्वनिवर्धक वापरणं" एवढंच असेल तर ढोल त्यात येत नाही. मात्र ताल सांगायला कोणी छोटा स्पीकर नाहीतर हातातला मेगाफोन आणला की तेवढ्यापुरते तुम्ही कलमात सापडलात.

"वाद्य वाजवणं किंवा ध्वनिवर्धक वापरणं" असेल तर ढोल सरळसरळ कलमात येतो.

"परिसरातल्या लोकांना त्रास होईल किंवा होऊ शकेल अशा रीतीनं आवाज करणं" हे तिसरं. यात वाद्याचं नाव नसतं, पण ३२ वाद्यं एकत्र वाजताना "त्रास होऊच शकत नाही" हे कोर्टात कोण पटवणार?

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: चित्रावरून ठरत नाही. कलम इथं जसंच्या तसं टाका.

आता थोडं मुळाशी जाऊ. पीएसपीओ येते २०१४ च्या अँटी-सोशल बिहेविअर, क्राइम अँड पोलिसिंग ॲक्टमधून, कलम ५९ ते ७५. ऑक्टोबर २०१४ पासून लागू. त्याआधी दारूसाठी, कुत्र्यांसाठी आणि गल्ल्यांना फाटकं बसवायला वेगवेगळे आदेश होते, ते सगळे हिच्या पोटात गेले. कलम ५९ म्हणतं, सार्वजनिक जागेतल्या वागण्याचा परिसरातल्या लोकांच्या जगण्यावर वाईट परिणाम झालेला असावा किंवा होण्याची शक्यता असावी. शिवाय तो परिणाम चालू राहणारा, वागणं अवाजवी ठरवणारा आणि बंधनाचं समर्थन करण्याइतका हवा. "चालू राहणारा" आणि "अवाजवी" हे दोन शब्द वहीत लिहून ठेवा, हरकतीत लागतील.

ऑर्डर एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांची. नंतर पुन्हा तीन-तीन वर्षं वाढवता येते, कितीही वेळा. काढण्याआधी पोलिसांचे प्रमुख, पोलिस आणि क्राइम कमिशनर (लंडनमध्ये मेयरचं कार्यालय), जागेचे मालक आणि "योग्य वाटतील ते समाजाचे प्रतिनिधी" यांच्याशी सल्लामसलत करावीच लागते. त्या शेवटच्या गटात तुमचं मंडळ बसतं. मागच्या वेळी काउन्सिलनं तुम्हाला विचारलं नसेल तर तो दोष अर्धा त्यांचा आणि अर्धा तुमचा. मंडळाचं नाव त्यांच्या यादीतच नसतं. आजच कम्युनिटी सेफ्टी विभागाला ईमेल करून नाव घालून घ्या.

शेजारीण:

पार्कासमोर राहणाऱ्यांची बाजू मांडते, कारण या धाग्यात ती कोणी मांडणार नाही.

ढोलाचा त्रास किती मोठा आहे एवढाच प्रश्न नसतो, तो कुठल्या जातीचा आहे हाही असतो. ताशाचा कडकडाट उंच स्वराचा. तो झाडं, भिंती, बंद खिडकीची दुहेरी काच यांत बराच अडतो. ढोलाची घुमणारी थाप खालच्या स्वराची. ती काचेतून, विटेतून आत येते आणि खोलीत नुसता धप-धप ठोका उरतो, चाल ऐकूच येत नाही. तुम्हाला मैदानात ऐकू येतं ते संगीत. घरात येतो तो फक्त ठोका, दोन तास, एकसारखा. म्हणून "खिडकी लावून घ्या ना" हे उत्तर कामाचं नाही.

त्यातून करता येण्यासारखं बरंच आहे. नवीन मुलांचा हात बसेपर्यंत त्यांना जुन्या टायरवर टिपरू मारू द्या. पूर्ण पथक एकत्र फक्त शेवटची ४० मिनिटं. दर २० मिनिटांनी दहा मिनिटं खरी शांतता, म्हणजे त्या वेळात कोणी "जरा हा तुकडा बघू" करायचं नाही. जागा घरांपासून लांबच्या टोकाला. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या मैदानात आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो, म्हणजे ५० मीटरवरून १०० मीटरवर सरकलात तरी फरक जाणवतो. आणि मोसमाच्या सुरुवातीला समोरच्या घरांत एक कागद: कुठले रविवार, किती ते किती, आणि वाजवत असताना उचलला जाईल असा एक फोन नंबर. हा शेवटचा भाग बहुतेक मंडळं विसरतात. नंबर असतो अध्यक्षांचा, आणि अध्यक्षांच्या गळ्यात ढोल.

हे फक्त शिष्टाचार म्हणून सांगत नाही. काउन्सिलकडे तक्रारींची नोंदवही असते. ऑर्डर वाढवताना पुरावा म्हणून तीच जोडली जाते.

ताशाची_तर्री:

ताई, टायरचं आणि फोनचं पटलं. तक्रारी नेमक्या किती आहेत ते कळायला मार्ग आहे का?

सध्याच्या ऑर्डरचं कलम सापडलं: "ध्वनिवर्धकाचा वापर", एवढंच. म्हणजे वॉर्डन चुकला. पण नव्या मसुद्याचं कलम ४ मराठीत साधारण असं आहे:

"मर्यादित क्षेत्रात परिसरातील लोकांना त्रास होईल किंवा होण्याची शक्यता असेल अशा प्रकारे गाणे, ओरडणे, वाद्य वाजवणे किंवा ध्वनिवर्धक वापरणे यांस मनाई आहे."

अपवादाचा रकाना कोरा.

कागदी_घोडा:

सध्याच्या ऑर्डरखाली वॉर्डन चुकलाय, खरंय. पण त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. खरी लढाई कलम ४ ची, आणि ती या पाच आठवड्यांतच होणार. नंतर वाट खर्चाची आहे: ऑर्डर निघाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत हाय कोर्टात, तेही त्या भागात राहणाऱ्यानं किंवा तिथं नियमित कामाला वा फिरायला येणाऱ्यानंच. मंडळाच्या वर्गणीत ते बसत नाही.

तक्रारी कळायचा मार्ग आहे. फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्टखाली (इथला माहिती अधिकार) काउन्सिलला अर्ज करा. फुकट असतो, ईमेल चालतो. उत्तराला २० कामाचे दिवस, म्हणजे चार आठवडे. तुमच्याकडे पाच आहेत, तेव्हा याच आठवड्यात नाही केलात तर उत्तर हरकतींची मुदत संपल्यावर येईल. प्रश्न मोघम नको. "आवाजाबद्दल काय माहिती आहे?" असं विचारलंत तर खर्चाची मर्यादा सांगून नाकारतील. असं विचारा: अमुक पार्काबद्दल गेल्या ३६ महिन्यांत आवाजाच्या किती तक्रारी, प्रत्येकीची तारीख आणि वेळ, आवाजाचा प्रकार, आणि सध्याच्या ऑर्डरखाली आवाजासाठी दिलेल्या दंडाच्या नोटिसा किती. तक्रारदाराची नावं मागू नका, ती मिळणार नाहीत आणि मागणारा उगाच वाईट दिसतो.

तारखा मिळाल्या की सरावाच्या रविवारांशी ताडून बघा. सगळ्या तक्रारी शुक्रवार-शनिवार रात्री ११ नंतरच्या असतील तर तुमचं अर्धं काम झालं. रविवारी ३ ते ५ च्याच असतील तर शेजारीण ताईंचं पोस्ट पुन्हा वाचा.

आता हरकत. सगळ्यात जास्त वाया जातात त्या "हा आमच्या संस्कृतीवर घाला आहे" या एका वाक्याच्या दोनशे प्रती. अधिकारी अहवालात "एकाच मजकुराच्या २०० प्रतिक्रिया" अशी एक ओळ लिहितो आणि पुढे जातो. दुसरी वाया जाते ती "शक्यता हा शब्द बेकायदा आहे" म्हणणारी. तो शब्द कायद्यातच आहे. हरकत घ्यायची ती प्रमाणावर. कलम ५९(५) प्रमाणे बंधन त्रास रोखण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी वाजवी असलं पाहिजे, आणि ५९(६) काउन्सिलला मुभा देतं की बंधन सगळ्यांवर किंवा काहींवर, सगळ्या वेळी किंवा ठरावीक वेळी, सगळ्या परिस्थितीत किंवा ठरावीक परिस्थितीत लावा. म्हणजे सरसकट मनाई हा एकमेव पर्याय नाही, हे कायदाच सांगतो. मग पर्यायी वाक्य लिहूनच द्या. उदाहरणार्थ:

"अधिकृत अधिकाऱ्याने आवाज कमी करण्यास किंवा थांबवण्यास सांगितल्यावर, वाजवी कारणाशिवाय, वाद्य किंवा ध्वनिवर्धक त्याच प्रकारे वाजवत राहण्यास मनाई आहे. पार्क विभागाच्या लेखी परवानगीने होणाऱ्या कार्यक्रमास किंवा सरावास, परवानगीतील अटी पाळल्या जात असताना, हे लागू नाही."

यानं दोन गोष्टी होतात. एक, वॉर्डनला आधी सांगावं लागतं, मग दंड. दोन, "त्रास म्हणजे किती" हा वाद परवानगीच्या कागदावर जातो आणि तिथं वेळ, दिवस, जागा लिहिलेली असते. वॉर्डनलाही हे सोपं पडतं आणि ते हरकतीत आवर्जून लिहा. काउन्सिलला अंमल करायला सोपं वाक्य नेहमी आवडतं.

हक्कांचा मुद्दा शेवटी, दोन परिच्छेदांत. कलम ७२ प्रमाणे काउन्सिलनं अभिव्यक्ती आणि एकत्र जमण्याच्या स्वातंत्र्याचा, म्हणजे युरोपीय मानवी हक्क करारातल्या १० आणि ११ या अनुच्छेदांचा खास विचार करायचा असतो. धर्माचं स्वातंत्र्य अनुच्छेद ९ मध्ये. ते कलम ७२ मध्ये नावानं नाही, पण ह्यूमन राइट्स ॲक्टमुळे काउन्सिलवर बंधनकारक आहेच. शिवाय २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टचं कलम १४९, म्हणजे सरकारी संस्थांनी निर्णय घेताना समानतेचा विचार करायचं कर्तव्य. मसुद्यासोबत समानतेच्या परिणामांचं मूल्यमापन जोडलंय का बघा, आणि त्यात धर्माच्या रकान्यात "काही परिणाम नाही" असं लिहिलं असेल तर नेमकं तेच वाक्य उचलून दाखवा.

लोक ओरडले तर काउन्सिल मागे हटतच नाही असं मात्र नाही. लंडनमधल्या हॅकनी काउन्सिलनं २०१५ मध्ये रस्त्यावर झोपणाऱ्यांना लागू होणारी ऑर्डर मोठ्या विरोधानंतर सोडून दिली. उलट कुत्री फिरवणाऱ्यांनी रिचमंड काउन्सिलविरुद्ध कोर्टात दाद मागितली तेव्हा एका माणसानं एका वेळी चारच कुत्री न्यावीत ही मर्यादा २०१८ मध्ये टिकली. वाजवी आकडा असलेलं बंधन कोर्टाला खटकत नाही.

पावतीपुस्तक:

बिअरचं कोणी घेतलं नाही, आणि त्यातच सगळ्यात जास्त गैरसमज आहे.

दारूची मनाई असलेल्या पीएसपीओ क्षेत्रात नुसतं पिणं हा गुन्हा नाही. कलम ६७ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. गुन्हा होतो तो कलम ६३ खाली: पोलिसानं किंवा अधिकृत अधिकाऱ्यानं "पिऊ नका" किंवा "कॅन द्या" म्हटल्यावर वाजवी कारणाशिवाय न ऐकणं. सांगताना, न ऐकल्यास गुन्हा ठरेल हेही त्यानं सांगायचं असतं. काउन्सिलच्या माणसाकडे अधिकारपत्र मागता येतं, आणि मागूनही दाखवलं नाही तर त्याचा आदेश लागू होत नाही. बंद कॅनसुद्धा ताब्यात घेता येतात. ते परत मिळत नाहीत, ओतून टाकतात. लायसन्स असलेल्या पबची जागा आणि फुटपाथवर परवानगीनं मांडलेली टेबलं यांना ही मनाई लागू नाही.

तेव्हा मंडळाच्या टी-शर्टमध्ये कॅन उघडू नका. गुन्हा नसला तरी तो फोटो हरकतींच्या फायलीत जातो.

आता पावती हातात पडलीच तर. फिक्स्ड पेनल्टी नोटिसीची (ठरावीक दंडाच्या पावतीची) रक्कम तुमच्या पाटीप्रमाणे १०० पौंड, लवकर भरली तर बऱ्याच ठिकाणी कमी. १४ दिवसांत भरली तर त्या प्रकाराबद्दल खटला नाही. भरणं म्हणजे गुन्हा शाबित होणं नव्हे. न भरल्यास मॅजिस्ट्रेट कोर्टात खटला होऊ शकतो आणि तिथं १,००० पौंडांपर्यंत दंड (दारूच्या कलमाखाली ५०० पौंड). तो मात्र दोषसिद्धी म्हणून नोंदला जातो.

व्हिसावर असलेल्यांसाठी हे महत्त्वाचं: मुदतीत भरलेली फिक्स्ड पेनल्टी गुन्हेगारी नोंदीत येत नाही, कोर्टाचा दंड येतो आणि सेटलमेंट (कायम वास्तव्य) किंवा नागरिकत्वाच्या अर्जात सांगावा लागतो. म्हणून "बघू काय करतात ते" म्हणून नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून देणं ही सगळ्यात महागडी चूक. घर बदललं, समन्स जुन्या पत्त्यावर गेलं, तुमच्या पाठीमागे निकाल लागला, असं सहज होतं.

नोटिशीवर अपील करायची कायद्यात सोय नाही, पण काउन्सिलला लेखी निवेदन देता येतं आणि बरीच काउन्सिलं ते तपासतात. निवेदनात लिहायचं ते एवढंच: कलमाचे शब्द, घटना त्या शब्दांत का बसत नाही, जागा नकाशाच्या आत होती की बाहेर, पाटी कुठं होती त्याचा फोटो. १४ दिवस संपायच्या आत पाठवा आणि निर्णय येईपर्यंत मुदत थांबवलीय असं लेखी घ्या.

आणि पार्कात पावती एका माणसाला मिळते, मंडळाला नाही. बहुतेकदा जो पुढे होऊन बोलायला जातो त्यालाच. बोलायला कोण जाणार हे आधी ठरवा. व्हिसाचा अर्ज तोंडावर असलेला माणूस नको.

बेलग्रेव्हकर:

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. ढोलाच्या आधी आपल्याच लोकांची पानाची पिंक बघा. लेस्टरमध्ये २०१९ साली इंग्रजी आणि गुजरातीत पाट्या लागल्या होत्या, पान थुंकल्यास १५० पौंड दंड. ब्रेंट काउन्सिल वेम्बली भागातले पानाचे डाग काढायला वर्षाला ३०,००० पौंडांहून जास्त घालवतं, २०२५ च्या अखेरीस त्यांनी १०० पौंडांपर्यंत दंडाची मोहीम काढली. असली पाटी असलेल्या गावात "आम्ही फक्त वाद्य वाजवतो" म्हणत जाल तर सगळ्यांना एकाच मापात मोजतात.

डाग इतका चिवट का, तर सुपारी-कातातली टॅनिनं आणि चुना एकत्र आले की तो लाल रंग बनतो आणि दगडाच्या, सिमेंटच्या बारीक छिद्रांत उतरतो. नुसत्या झाडूनं जात नाही, गरम पाण्याचा प्रेशर वॉशर लागतो, आणि तो मारून मारून फरशीचे सांधे उघडे पडतात.

कागदी_घोडा:

अवांतर नाही, उपयोगी आहे. एकच काम तीन वेगळ्या कायद्यांतून कसं होतं ते यात दिसतं. लंडनमधल्या वॉल्थम फॉरेस्ट काउन्सिलनं २०१३ मध्ये थुंकणं हा "कचरा टाकणं" या गुन्ह्यात धरून कोर्टात दंड मिळवला. त्याच वर्षी एनफिल्ड काउन्सिलनं थुंकण्यावर वेगळा बायलॉ (स्थानिक उपविधी) मंजूर करून घेतला. त्याला केंद्र सरकारातल्या मंत्र्याची मान्यता लागते, म्हणून वेळ जातो. आता पीएसपीओत एक ओळ घातली की काम होतं, आणि मान्यता कोणाची लागत नाही. काउन्सिलांना हे हत्यार आवडतं ते याच सोयीमुळे, आणि कलमं ढिसाळ लिहिली जातात तीही याच सोयीमुळे. बायलॉच्या मसुद्यावर वरून कोणीतरी नजर टाकायचं. इथं ती नजर म्हणजे तुमची हरकत.

कचऱ्याच्या नोटिशीची कमाल रक्कम जुलै २०२३ पासून ५०० पौंड झालीय. मिरवणुकीनंतर झेंडूच्या पाकळ्या आणि गुलाल रस्त्यावर राहिले तर पीएसपीओची गरजच नाही, कचऱ्याचा कायदा पुरतो. झाडू आणि पोती मिरवणुकीच्या मागे चालणाऱ्या चार माणसांकडे हवीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नको, पाऊस झाला की गुलाल फरशीत बसतो.

सनई_स्लाव:

मिरवणुकीचं मी घेतो. परवानगी हा एक कागद नाही, चार वेगळे आहेत, आणि एक मिळाला म्हणजे बाकीचे मिळाले असं होत नाही.

पोलिस. १९८६ च्या पब्लिक ऑर्डर ॲक्टचं कलम ११: एखाद्या घटनेच्या स्मरणार्थ किंवा सोहळ्यासाठी मिरवणूक असेल तर सहा पूर्ण दिवस आधी लेखी सूचना. तारीख, सुरू व्हायची वेळ, मार्ग, एका संयोजकाचं नाव-पत्ता. दरवर्षीच्या प्रथेच्या मिरवणुकीला सूट आहे, पण "आमची प्रथा आहे" हे सिद्ध करण्यापेक्षा सूचना देऊन टाकणं सोपं. ही परवानगी नव्हे, सूचना असते.

रस्ता बंद करायचा असेल तर काउन्सिल. लंडनबाहेर बऱ्याच ठिकाणी अजून १८४७ चा टाउन पोलिस क्लॉजेस ॲक्ट वापरतात. त्याच्या कलम २१ मध्ये मिरवणुका, जल्लोष आणि रोषणाई असे शब्द आहेत. व्हिक्टोरियाच्या काळात गणपती डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्यासारखं वाटतं. अर्जाला ८ ते १२ आठवडे धरा, कारण वळवलेल्या वाहतुकीचा आराखडा, पाट्या आणि प्रशिक्षित मार्शल लागतात. खर्च मुख्यतः पाट्यांच्या कंपनीचा येतो. फुटपाथवरून, सिग्नल पाळत, दोन-दोनच्या रांगेत गेलात तर रस्ता बंद करायला लागत नाही. पण २४ ढोल फुटपाथवर मावत नाहीत, हेही मापून बघा: कमरेला बांधलेला ढोल आणि हात हलायला जागा धरून एका माणसाला सव्वा मीटर तरी लागतो.

पार्क विभाग. जागा त्यांची, म्हणून वेगळा अर्ज. जोखमींचा तक्ता आणि सार्वजनिक दायित्वाचा विमा लागतो, बहुतेक ठिकाणी ५० लाख पौंडांचं संरक्षण मागतात. विम्यात "मिरवणूक" हा शब्द आहे का तपासा. हॉलमधल्या कार्यक्रमाचा विमा फाटकाबाहेर पडला की संपतो.

लायसन्स. इथं चांगली बातमी: ध्वनिवर्धक नसलेलं जिवंत संगीत सकाळी ८ ते रात्री ११ या वेळात लायसन्सशिवाय चालतं, २०१२ च्या लाइव्ह म्युझिक ॲक्टमुळे. ढोल-ताशा त्यात बसतो, डीजेची लावलेली गाणी बसत नाहीत. त्यांना टेम्पररी इव्हेंट नोटीस लागते: २१ पौंड, दहा पूर्ण कामाचे दिवस आधी, आणि एका वेळी ४९९ माणसांची मर्यादा, ज्यात स्वयंसेवकही मोजले जातात. आणि ट्रॉलीवरचा स्पीकर रस्त्यावर रात्री ९ ते सकाळी ८ बंदच, तो १९७४ चा वेगळा कायदा. फक्त लायसन्स लागत नाही म्हणजे पीएसपीओ लागत नाही असा अर्थ काढू नका. दोन्ही कायदे एकमेकांना ओळखत नाहीत.

मिरवणुकीचा मार्ग पीएसपीओच्या क्षेत्रातून जात असेल तर पार्क विभागाच्या परवानगीपत्रावर कलमाचा क्रमांक घालून "यास अपवाद" असं लिहून घ्या. ते पत्र दिवसभर एका माणसाच्या खिशात, छापील. फोनची बॅटरी संध्याकाळी सहाला संपते.

क्लाइडकाठी:

हे सगळं ग्लासगोला लागू का?

कागदी_घोडा:

नाही. पीएसपीओ फक्त इंग्लंड आणि वेल्समध्ये. स्कॉटलंडमध्ये काउन्सिलचे बायलॉ आणि २००४ चा वेगळा कायदा. मिरवणुकीची सूचना तिथं काउन्सिललाही द्यावी लागते आणि २८ दिवस आधी, तेव्हा इथले सहा दिवस धरून बसू नका.

ताशाची_तर्री:

माहितीचा अर्ज केला, मंडळाचं नाव यादीत घालायला ईमेल गेलं. नकाशा मोठा करून बघितला तर वेगळंच दिसलं. लाल रेघ पार्कच्या कुंपणावरून जाते आणि कम्युनिटी सेंटरचं कार पार्क तिच्या बाहेर आहे, फाटकापासून ३० मीटरवर. रविवारी रिकामं असतं. तिकडे सराव हलवला तर कलम ४ चा प्रश्नच मिटतो ना?

पावतीपुस्तक:

पीएसपीओचा मिटतो. पण सेंटरची जागा म्हटली की आवाजाचा नेहमीचा कायदा येतो, १९९० चा एन्व्हायरन्मेंटल प्रोटेक्शन ॲक्ट. पर्यावरण आरोग्य अधिकाऱ्याला उपद्रव वाटला तर कलम ८० खाली अबेटमेंट नोटीस, म्हणजे आवाज थांबवायचा लेखी आदेश, आणि ती पार्कातल्या वॉर्डनसारखी १०० पौंडांवर सुटत नाही. नोटीस सेंटरच्या नावानं निघू शकते, मग सेंटर तुम्हाला हॉलही देणार नाही.

शेजारीण:

आणि कार पार्कच्या तीन बाजूंना विटांच्या भिंती असतील तर ढोल तिथं पार्कापेक्षा जास्त घुमतो. घरं किती मीटरवर आहेत ते सांगा आधी.

ताशाची_तर्री:

दोन बाजूंना भिंती. घरं ४० मीटर. पार्कातलं लांबचं टोक १३० मीटर भरतंय. म्हणजे पार्कच बरा, आणि कलम ४ वर हरकत लिहायला बसतो.

कागदी_घोडा:

मसुदा इथं टाका, वाक्यं घासून देतो. हरकतींची मुदत संपल्यावर अधिकाऱ्याचा अहवाल काउन्सिलच्या कॅबिनेटच्या बैठकीच्या अजेंड्याबरोबर पाच पूर्ण दिवस आधी साइटवर येतो. त्यात तुमच्या हरकतीला काय उत्तर दिलंय ते वाचून वॉर्डातल्या काउन्सिलरना त्याच आठवड्यात गाठा. निर्णय बैठकीविना अधिकाऱ्याच्या सहीनं होणार असेल तर ते आत्ताच विचारून ठेवा, कारण मग ती पाच दिवसांची सवड मिळत नाही.